‘आता गरीब राहिलंय कोण?’

आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. कधी चहा पिताना, कधी गणवेशाचे पैसे न दिलेल्या मुलांची यादी करताना. ‘अहो सर, आता गरीब राहिलंय कोण? ज्याच्या त्याच्या हातात स्मार्टफोन आहे.’ बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्या काहींनी स्वतःच्या खिशातून मुलांची परीक्षा फी भरलेली मी पाहिली आहे. वाक्य ऐकलं की बाकीचे मान डोलावतात आणि तास सुरू होतो. मीही बरीच वर्षं मान डोलावली आहे. त्यामुळे हा लेख दुसऱ्यांना सुनावण्यासाठी जितका लिहितोय तितकाच स्वतःलाही.

हे वाक्य खोटं आहे. नुसतं चुकीचं असतं तर मी एवढा वेळ घालवला नसता. चूक माणसाकडून नकळत होते. हे वाक्य बोलणाऱ्याच्या सोयीचं आहे, म्हणून ते टिकून आहे.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात ‘आमचे शहर’ या विषयावर निबंध लिहून घेण्याआधी मुलांना बोलतं करावं म्हणून एक प्रश्न टाकला. आपल्या देशातली शंभर घरं घेतली, तर त्यातल्या किती घरांकडे स्वतःची चारचाकी असेल? आवाज यायला लागले. पन्नास! साठ! मागच्या बाकावरच्या एकाने तर ऐंशीवर नेलं. मग विचारलं, आता तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी आहे? वर्गात सत्तेचाळीस मुलं होती. एकच हात वर आला. मी कौतुकाने पाहिलं, तर तो म्हणाला, ‘सर, गाडी शेठ की है. अब्बा रात को घर के सामने लगाते.’ वर्ग हसला, तोही हसला. म्हणजे सत्तेचाळीसपैकी एकाच्याही घरी गाडी नाही, आणि देशात मात्र निम्म्या घरांत आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

त्या तासाला मी पुढे निबंधाकडे वळलो, पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही. या मुलांनी काय मानलं आहे ते बघा. गाडी सगळ्यांकडे असते, नाही ती फक्त आपल्याकडे. आपली गल्ली, आपला वर्ग, आपली आत्या, आपला मामू, सगळे मिळून अपवाद. तेरा वर्षांच्या पोराने आपल्या बापाबद्दल यातून काय समजायचं? बाप कमी पडला, एवढंच.

मधल्या सुट्टीत तोच प्रश्न मी स्टाफरूममध्ये विचारला. तीस, चाळीस, एकाने ‘शहरात असेल तर पन्नास’ म्हटलं. आम्ही चौदा जण, त्यातल्या नऊ जणांकडे चारचाकी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मोटार असलेली घरं शंभरात सात-आठ निघाली. मी हा आकडा सांगितला तर एक सहकारी म्हणाले, ‘शक्यच नाही, सात रस्त्याला संध्याकाळी येऊन बघा.’

सात रस्त्याला संध्याकाळी गाड्याच दिसणार. घराबाहेर न पडलेली बाई तिथे दिसत नाही. विडी घरकुलातल्या खोलीत दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी, पानं भिजवणारी, संध्याकाळी कारखान्यात माल देऊन येणारी बाई चौकातल्या वाहतूक कोंडीत मोजली जात नाही. पैसा असलेला माणूस जागा जास्त व्यापतो. रस्त्यावर, हॉलमध्ये, टीव्हीवर, मोबाइलच्या पडद्यावर. मराठी मालिकेतलं घर आठवा. मधून जिना गेलेला, स्वयंपाकघर आमच्या वर्गाएवढं, आणि त्या घरातली बाई म्हणते, आपण साधी माणसं. वीस वर्षं रोज संध्याकाळी हे बघितल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्याला आपलं घर घर वाटेनासं होतं.

लग्नाचंही तेच. पाचशे माणसांची दावत सगळ्या मोहल्ल्याला दिसते. त्या दावतीसाठी बचत गटाकडून, फायनान्सवाल्याकडून, आत्याच्या सोन्यावर उचललेले पैसे दिसत नाहीत. हप्ता दोन-तीन वर्षं चालतो, दावत दोन तास. आणि लोक लक्षात ठेवतात दावत.

स्मार्टफोनचंही एकदा सांगून टाकतो, कारण गरीब नाहीतच याचा मोठा पुरावा म्हणून तोच पुढे केला जातो. आमच्या मुलांच्या घरी फोन आहे. पाच-सहा माणसांत एक, आठ-दहा हजारांचा, बहुतेक हप्त्यावर घेतलेला. सेंट्रिंगच्या कामाला उद्या कुठे जायचं याचा निरोप त्यावर येतो. रिक्षाचं भाडं त्यावर येतं. मुलाचा अभ्यास आम्हीच त्यावर पाठवतो. गवंड्याच्या हातात थापी दिसली म्हणून त्याला कुणी श्रीमंत म्हणत नाही. फोनही त्याचं हत्यारच आहे.

आता आकडे. कंटाळवाणे वाटतील, पण ‘मला तर असं दिसतं’ या युक्तिवादाला दुसरं उत्तर नाही.

केंद्र सरकारचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण २०२२-२३ मध्ये झालं. खेड्यात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला, शहरात ६,४५९. ही सरासरी झाली. माझ्या दृष्टीने जास्त बोलका आकडा वरच्या टोकाचा आहे. खेड्यातली सगळ्यांत जास्त खर्च करणारी पाच टक्के माणसं घेतली तर त्यांचा माणशी महिन्याचा खर्च १०,५०१ रुपये. शहरात हाच आकडा २०,८२४. म्हणजे खेड्यात पाच माणसांचं कुटुंब महिन्याला बावन्न-त्रेपन्न हजार खर्चत असेल तर ते थेट वरच्या पाच टक्क्यांत जाऊन बसतं. अगदी तळाच्या पाच टक्क्यांचा खर्च खेड्यात १,३७३ आणि शहरात २,००१ रुपये. महिन्याचा, दिवसाचा नव्हे.

पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने २०२२ मध्ये विषमतेवरचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात म्हटलं होतं की महिन्याला २५,००० रुपये मिळवणारा माणूस देशातल्या कमावत्यांच्या वरच्या दहा टक्क्यांत येतो. पंचवीस हजार! आमच्याकडे नव्याने लागलेला शिक्षक एवढ्या पगारात लग्न कसं जमणार म्हणून रडत असतो. २०२४ च्या मार्चमध्ये थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतावरचा अभ्यास आला. त्यांच्या हिशोबात २०२२-२३ साली वर्षाला २ लाख ९० हजार मिळवणारी प्रौढ व्यक्ती वरच्या दहा टक्क्यांत येत होती, आणि बरोबर मधल्या माणसाची वर्षाची कमाई लाखाच्या आसपास होती. त्याच अभ्यासात देशातल्या संपत्तीपैकी ४० टक्के वरच्या एका टक्क्याकडे असल्याचं म्हटलं आहे. दोन अभ्यास वेगळे, पद्धती वेगळ्या, पण दहा टक्क्यांचा उंबरठा जवळपास तिथेच येतो.

आता माझं सांगतो. मी अनुदानित शाळेत आहे, सातवा वेतन आयोग लागू आहे, नोकरीला अठरा वर्षं झाली. कपात जाऊन हातात सत्तर हजारांवर पडतात. मी आयुष्यभर स्वतःला मध्यमवर्गीय म्हणत आलो. वरचे आकडे खरे असतील तर मी मध्ये नाही. देशातली शंभर कमावती माणसं उतरत्या क्रमाने उभी केली तर पहिल्या दहांत मला सहज जागा मिळते. मधला माणूस म्हणजे ज्याला मी सुट्टीत घराचं प्लास्टर करायला बोलावतो तो. मी ज्याला मध्यम म्हणतो ते देशाचं छप्पर आहे. छपरावर उभं राहून खाली बघायचं सोडून आपण वरच्या टाकीकडे बघतो आणि म्हणतो, बघा, आम्ही किती खाली.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की सर्वेक्षणवाल्याला खरा पैसेवाला दार उघडत नाही, उघडलं तरी खरं सांगत नाही. मान्य. पण त्यामुळे बदलतं ते इतकंच की वरच्या मूठभरांकडे दिसतं त्याहून जास्त आहे. खालच्या नव्वदांच्या ताटात त्याने भाकरी वाढत नाही. दुसरा आक्षेप, गरिबी कमी झाली आहे. हो, झाली आहे. नीती आयोगाने २०२४ च्या जानेवारीत सांगितलं की नऊ वर्षांत २४.८२ कोटी लोक बहुआयामी गरिबीतून बाहेर आले. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत संडास नव्हते, आज आहेत. यात मला आनंदच आहे. पण घरात वीज, गॅस आणि संडास आला म्हणजे घरात पैसा आला असं होत नाही. त्याच सरकारने ८० कोटींहून जास्त लोकांना मोफत धान्य द्यायची योजना त्याच महिन्यापासून आणखी पाच वर्षं वाढवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पडता पडता वाचलेला माणूस श्रीमंत नसतो, एका दवाखान्याच्या बिलाने तो पुन्हा पडतो.

‘लाडकी बहीण’ आली तेव्हाही हेच ऐकलं. चारचाकीतून उतरून बायका अर्ज भरतात म्हणे. काही भरत असतील, पुढे पडताळणीत काही वगळल्याही गेल्या. पण दोन कोटींहून जास्त बायकांनी महिन्याच्या दीड हजारासाठी आधार कार्ड आणि बँकेचं पुस्तक घेऊन रांगा लावल्या, यावरून राज्याबद्दल काय कळतं, हे बोलायला कुणी तयार नव्हतं. चारचाकीवाल्या चार बायकांची गोष्ट मात्र घरोघरी पोचली.

असा समज फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत २०२२ साली यूगव्ह या संस्थेने लोकांना असेच प्रश्न विचारले. वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेली घरं किती? लोकांचा अंदाज शंभरात २६, प्रत्यक्षात एक. त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता. अमेरिकेत मुसलमान किती? लोकांचा अंदाज २७, प्रत्यक्षात एकाच्या आसपास. हे वाचून मला हसूही आलं आणि थोडं चपापायलाही झालं. पैसेवाले आणि मुसलमान, दोघंही लोकांना सारखेच फुगून दिसतात. आणि आपल्याकडे तर या दोन समजांचं लग्नच लागलं आहे.

‘यांच्याकडे एवढा पैसा येतो कुठून?’ हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा महाराष्ट्रातला मुसलमान मला दाखवा. ईदला नवे कपडे घातले की हा प्रश्न. मोहल्ल्यात दुमजली घर उभं राहिलं की हा प्रश्न. कोकणात महाडपासून राजापूरपर्यंत रस्त्याला लागून आखाती पैशांचे बंगले दिसतात, हे खरं. पण त्या बंगल्याची खिडकी वर्षातून अकरा महिने बंद का असते, व्हिसासाठी काढलेलं कर्ज कधी फिटलं, त्या एका पगारावर किती घरं चालतात, हे मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधून दिसत नाही. आणि त्या बंगल्याचा हिशोब लागतो भिवंडीतल्या, मालेगावातल्या मागावर बारा बारा तास उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर. शाहरुख खानचा ‘मन्नत’ तर आम्हा सगळ्यांच्या सामाईक खात्यावर आहेच.

वक्फचंही असंच. सैन्य आणि रेल्वेनंतर सगळ्यांत जास्त जमीन वक्फकडे, हे वाक्य गेल्या दोन वर्षांत पाठ झालं आहे. सरकारनेच दिलेले आकडे घेऊन मी एकदा वहीवर गणित केलं. ९.४ लाख एकर जमीन, अंदाजे किंमत १.२ लाख कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान १७.२ कोटी. भागाकार केला तर माणशी साधारण २४० चौरस फूट येतात, म्हणजे एक बऱ्यापैकी खोली. किंमत माणशी सात हजार रुपये. आणि त्यात मशिदी आल्या, दर्गे आले, ईदगाह आले, कब्रस्तानं आली, अतिक्रमणाखाली गेलेल्या जागा आल्या. ती जमीन नीट सांभाळली गेली का, तिच्या उत्पन्नातून किती शाळा निघाल्या, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आपण आपल्याच मुतवल्लींना कठोरपणे विचारला पाहिजे. पण कब्रस्तानाची जागा माझ्या विद्यार्थ्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर नाही. त्याला तिथे जागा मिळेल ती मेल्यावर.

सच्चर समितीने २००६ मध्ये देशासमोर आकडे ठेवले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००९-१० साठी धर्मवार खर्च काढला. मुसलमानांचा माणशी दिवसाचा सरासरी खर्च ३२.६६ रुपये, हिंदूंचा ३७.५०, ख्रिश्चनांचा ५१.४३, शिखांचा ५५.३०. आकडे जुने आहेत. पण ‘यांच्याकडे एवढा पैसा येतो कुठून’ ही कुजबुज तेव्हाही होती, आणि मोजल्यावर सगळ्यांत कमी खर्च करणारे हेच निघाले होते. हिंदू-मुसलमान दोघांच्या आकड्यांत फरक आहे, तरी तो किती थोडा आहे तेही बघा. आमच्या शेजारच्या गल्लीतला यंत्रमाग कामगार पद्मशाली असो की मोमीन, ‘आता गरीब राहिलंय कोण’ म्हणणारा माणूस दोघांनाही एकाच फटक्यात पुसून टाकतो.

बाहेरच्यांवर रागावणं सोपं असतं. आपल्या आत काय चाललं आहे? रमजान आला की आमच्याकडे काही सुस्थितीतले बंधू तक्रार करतात की जकात द्यायला खरे गरजू सापडत नाहीत. मागच्या वर्षी एकांनी मला हे ऐकवलं ते चारशे माणसांच्या इफ्तार पार्टीत. तिथे बसलेल्या चारशेत रोज मजुरीवर जाणारा एकही मला दिसला नाही, वाढणारे सोडून. जकात कुणावर फर्ज आहे याची रेषा किती खाली आखली आहे हे आपण विसरलो. साडेबावन्न तोळे चांदीएवढी बचत वर्षभर शिल्लक असली की माणूस साहिब-ए-निसाब. २०२१ च्या सुमारास चांदी किलोला साठ-सत्तर हजार होती, तेव्हा हा निसाब चाळीस हजारांच्या आसपास यायचा. म्हणजे बँकेत चाळीस हजार असलेल्या माणसालाही शरीयतने देणाऱ्यांच्या बाजूला उभं केलं होतं. आणि आमचे प्लॉटवाले, चारचाकीवाले बंधू म्हणतात, ‘मास्तर, आपण कुठले पैसेवाले? हप्ते किती आहेत माहीत आहे का?’ हप्ते मलाही आहेत. हप्ता मिळायलासुद्धा बँकेने आपल्याला लायक समजावं लागतं, ही गोष्ट आपण विसरतो.

देणाऱ्यांना वाटतं आपल्याकडे नाही, आणि घेणाऱ्यांबद्दल वाटतं त्यांच्याकडे आहे. मध्ये जे उरतं ते मशिदीच्या नव्या मिनाराला जातं, त्यावर देणाऱ्याचं नाव कोरता येतं.

एवढं मी का तापलो ते आता सांगतो. अल्पसंख्याक मुलांना पहिली ते दहावी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती मिळत होती. अट होती, पालकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला एक हजार रुपये यायचे. २०२२-२३ पासून ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण तसंही मोफत आहे, असं कारण दिलं गेलं. बातमी आली त्या दिवशी स्टाफरूममध्ये फारशी खळबळ नव्हती. फॉर्म भरण्याचा, उत्पन्नाचे दाखले गोळा करण्याचा, बँक खातं आधारला जोडून घेण्याचा त्रास वाचला म्हणून काहींना बरंच वाटलं. कुणीतरी म्हणालं, ‘हजार रुपयांत होतंय काय आजकाल?’ ते कुणीतरी मी होतो. मी हे म्हटलेलं आहे, आणि त्याच आठवड्यात मी गाडीत दोन हजारांचं पेट्रोल टाकलं होतं.

पंधरा दिवसांनी पाचवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. बुरख्याच्या बाहीला तंबाखूचा वास, बोटं काळवंडलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत बँकेचं पुस्तक. तिला कुणीतरी माझ्याकडे पाठवलं होतं. ‘सर, वो हजार रुपये इस साल आते की नै?’ मी सांगितलं, बंद झाले. तिला वाटलं फॉर्ममध्ये चूक झाली. म्हणाली, दाखला पुन्हा काढून आणते, तहसीलला दोन दिवस जाईन. मी पुन्हा सांगितलं, चूक तुमची नाही, सगळ्यांचेच बंद झाले. ती जरा थांबली. मग विचारलं, ‘सब के?’ मी हो म्हटलं. त्या पैशात काय करायचात, असं मी सहज विचारून गेलो. तिने बोटांवर हिशोब केला. दोन्ही मुलींच्या चपला, दप्तर एक, आणि उरलेल्यात थोरलीचा चष्मा. थोरलीला फळ्यावरचं दिसत नाही, असं दोन वर्षांपूर्वी कुणी डॉक्टर शाळेत येऊन सांगून गेले होते.

थोरली माझ्याच वर्गात होती. मी तिला वर्षभर मागच्या बाकावर बसवलं होतं, लक्ष देत नाही म्हणून.